दुसरा भाग आधी

डो ओन मे यांच्या दुकानातल्या सहा-सातशे कादंबऱ्या माझ्या हाताखालून गेल्या, पण त्यांतली एकही मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली नाही. मला प्रत्येकीची मधली दोन पानं तेवढी माहीत. जिथे पुस्तक कापायचं, तिथलं डावीकडचं एक आणि उजवीकडचं एक. मी बांधणीवाला. सुई, दोरा, खळ आणि सुरी हा माझा धंदा, लिहिणं नव्हे. त्यामुळे डो ओन मे यांच्याबद्दल मी लिहावं की नाही, याचा निर्णय बरेच दिवस होत नव्हता. पण ज्यांना बरं लिहिता आलं असतं ते एकेक करून गेले. गेल्या महिन्यात नदीपलीकडून यिनमार आली, एके काळी दुकानाच्या पायरीवर बसणारी पोर, माझ्यापुढे कोरी वही ठेवली आणि म्हणाली, "काका, तुम्हीच लिहा. चूक तुमची होती."

ते खरं आहे. चूक माझीच होती.

इरावतीकाठच्या आमच्या पखोक्कू गावात, बाजारामागे, चिंचेच्या झाडाखाली, डो ओन मे यांचं भाड्याने पुस्तकं द्यायचं दुकान होतं. आमच्यात मोठ्या बाईला मानाने डो आणि बरोबरीच्या पुरुषाला को म्हणतात. दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची पडवी, भिंतीला मारलेल्या फळ्या आणि बसायला दोन लाकडी पायऱ्या. शेजारी चहाचं दुकान. त्यांचा नवरा इरावतीवरच्या आगबोटीवर कारकून होता. उतारू बोटीत विसरून गेलेली पुस्तकं तो एका ट्रंकेत जमा करी. हिवतापाने तो गेला तेव्हा त्या ट्रंकेत एकोणीस कादंबऱ्या निघाल्या. दिरांनी त्या रद्दीत घालायला सांगितल्या. डो ओन मे चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी चाळीस दिवसांत एकोणीसही वाचून काढल्या आणि मग पडवीत फळी ठोकली.

आमच्याकडे तेव्हा पुस्तकं थोडी आणि वाचणारे फार. म्हणून जाड कादंबरी मधोमध कापून तिची दोन पुस्तकं करायची, म्हणजे एकाच वेळी दोघांना वाचता येते. भाड्याच्या सगळ्याच दुकानांत हे चालायचं. पण बाकीचे दुकानदार पानं मोजून कापायला सांगत. डो ओन मे मोजत नसत. त्या पुस्तक वाचून जागा ठरवत, तिथे चिंचेचं वाळलं पान घालत आणि माझ्याकडे देत.

"ताई, इथे कापू? इथे तर ती बाई दार उघडायला उठलीय."

"म्हणून तर इथे. दारात कोण आलंय ते कळायला माणूस धावत येईल."

"आणि दुसरा भाग बाहेर गेलेला असला तर?"

"मग दोन दिवस डोकं चालवेल. काही बिघडत नाही."

पहिल्या भागाला निळ्या चौकड्यांचं कापड आणि दुसऱ्याला तपकिरी, अशी खूण होती. कापड पुरुषांच्या जुन्या लुंग्यांचं. पुन्हा पुन्हा बांधणी करताना कडा छाटाव्या लागत, त्यात पानांचे आकडेही जात. म्हणून रंगावरच सगळी भिस्त.

एका वर्षी माझ्याकडचं तपकिरी कापड संपलं. बायकोने धुतलेल्या चिंध्यांचं एक गाठोडं दिलं, त्यात तपकिरी तुकडा होता. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. चार पुस्तकं मढवून दिली. दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात को पू नावाचा हमाल पुस्तक वाचत बसला होता. वाचता वाचता त्याने ते उन्हात धरलं, आणि निखारा हातात आल्यासारखं टेबलावर टाकलं. विटलेल्या कापडावर बारीक फुलं होती.

"हे कोणाच्या कमरेचं रे?" त्याने मोठ्याने विचारलं.

सगळं दुकान हसलं. बायकांच्या लुंगीच्या कापडाने पुरुषाचं तेज जातं असं आमच्यात मानतात, त्याला हात लावणंसुद्धा नको, मग डोक्याशी घेणं तर लांबच. आणि पुस्तक ही उशाशी ठेवायची वस्तू. चारही पुस्तकं तासाभरात परत आली.

डो ओन मे यांनी ती, पहिल्या भागांसकट, माझ्यापुढे ठेवली. "को थेइन, बायकोला विचारलंस तरी का?"

"नाही विचारलं, ताई."

"तू कोणालाच काही विचारत नाहीस. संध्याकाळच्या आत बदलून आण."

मी मान खाली घालून घरी गेलो. बाजारातून तपकिरी कापड आणून चारही कादंबऱ्यांचे दोन्ही भाग पुन्हा मढवायला घेतले, पण लाजेने घाई झाली आणि चारांपैकी एका कादंबरीला मी उलटं मढवलं. पहिल्या भागाला तपकिरी, दुसऱ्याला निळं. एका नावाड्याच्या मुलीची गोष्ट होती ती. मला मधली दोन पानं माहीत असून माझ्या लक्षात आलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात तीन माणसांनी पुस्तक आणून आपटलं. सुरुवात कळत नाही, लेखक दारू पिऊन लिहितो का, असं बरंच काही बोलले. डो ओन मे यांना वाटलं पुस्तकच अवघड असेल. त्यांनी ते वाचून दोन वर्षं झाली होती. मग चौथ्या दिवशी यिनमार आली.

यिनमार तेव्हा पंधरा वर्षांची. तिची आई डो सेइन चिरूट वळायच्या कारखान्यात कामाला. यिनमार आठवीच्या सरकारी परीक्षेत एकदा नापास झालेली. आमच्या शाळेत सगळा वर्ग एका सुरात ओरडून पाठ करायचा. रस्त्याने जाणाऱ्यालासुद्धा इतिहास पाठ होईल इतक्या मोठ्याने. निबंधही पाठ, भूमितीच्या सिद्धताही पाठ. यिनमारला पाठ होत नसे. अर्ध्यात तिचं मन दुसरीकडे जाई. डो सेइनने सांगून ठेवलं होतं, यंदा नापास झालीस तर माझ्या शेजारी चिरूटाच्या सुपापुढे बसायचं. कारखान्यातली जागासुद्धा तिने धरून ठेवली होती.

तर ती आली आणि पुस्तक परत देत म्हणाली, "मावशी, छान आहे. बापाने पत्रं जाळली हे मात्र लेखकाने या भागात शेवटपर्यंत सांगितलं नाही."

डो ओन मे पानं पुसत होत्या. गालाला थनाखाच्या सालीचा लेप लावलेल्या बायकांची बोटं पानांवर पिवळी उमटत, ती त्या ओल्या फडक्याने टिपत. त्या थांबल्या. "कोणी पत्रं जाळली?"

"बापाने. मुलीने चुलीत हात घालून ती काढली, म्हणून तिचा हात भाजलाय."

"कशावरून?"

"पहिल्याच पानावर तिचा हात बांधलेला आहे. मग पूर्ण पुस्तकभर ती चुलीपाशी बसत नाही, आईला बसायला लावते. आणि बाप घरात आला की ती उठून पाणी देते, पण त्याच्याकडे बघत नाही. पत्र आणणारा माणूस दिसला की बापच आधी उठतो. मग दुसरं काय असेल?"

मी तेव्हा पायरीवर बसून दोरा ओवत होतो. डो ओन मे यांनी पुस्तक उघडलं, पहिलं पान वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. मी सुई खाली ठेवली.

"पोरी, तू दुसरा भाग वाचलास," त्या म्हणाल्या. "पहिला हा. या शहाण्याने उलटा मढवलाय."

यिनमारने पहिला भाग तिथेच बसून भराभर चाळला. थोड्या वेळाने तिने मान वर केली. तिचा चेहरा पडला होता. "भोपळ्याची भजी तळताना तेल उडालं?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग लेखकाचं चुकलं," ती म्हणाली.

डो ओन मे हसल्या नाहीत. त्यांनी लाफेची, म्हणजे मुरवलेल्या चहाच्या पानांची, ताटली पुढे सरकवली, शेंगदाणे आणि तीळ तिच्या बाजूला केले, आणि म्हणाल्या, "मलाही तसंच वाटतं." मग माझ्याकडे वळून, "को थेइन, ही चूक दुरुस्त करू नकोस."

त्या दिवसापासून शाळेच्या मुलांना त्या आधी दुसरा भाग देऊ लागल्या. अट एकच. परत आणताना आधी काय घडलं असेल ते सांगायचं, आणि प्रत्येक गोष्टीला त्यांचा प्रश्न ठरलेला, "कशावरून?" पुस्तकातली ओळ बोटाने दाखवता आली तर पहिला भाग मिळे. नुसतं "मला वाटतं" म्हटलं की त्या म्हणत, "वाटायला काय, मलाही मी राणी आहे असं वाटतं. ओळ दाखव." शाळा सुटली की पायऱ्यांवर दहा-बारा मुलं भांडत बसलेली असत. खून कोणी केला यावर नव्हे, तर खून झाला हे आधी कोणाला आणि कसं कळलं असेल यावर. चहावाला म्हणे, तुमची कोर्टकचेरी ऐकायला माझी गिऱ्हाइकं चहा थंड करतात.

शाळेत गणिताला सया ऊ सान लिन होते. सया म्हणजे गुरुजी. सरळ माणूस. पुराच्या वर्षी छातीएवढ्या पाण्यातून परीक्षेचे कागद डोक्यावर घेऊन आले होते ते. मुलांवर त्यांचा जीव होता, पण कादंबरीचा त्यांना राग होता. एके दिवशी भूमितीच्या तासाला यिनमारच्या मांडीवर त्यांना तपकिरी पुस्तक सापडलं. त्यांनी डो सेइनला कारखान्यातून बोलावून घेतलं आणि दोघं तडक दुकानापुढे आले. डो सेइनच्या बोटांना अजून तंबाखूचा वास होता.

सयांनी चपला काढल्या नाहीत, म्हणजे बसणार नव्हते. "डो ओन मे, ही मुलगी एकदा नापास झालीय. तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे, सया."

"मग तिला असली खोटी पुस्तकं कशाला देता? खोटं वाचून खरं कसं शिकणार?"

डो ओन मे यांनी त्यांना साधा चहा ओतून दिला. "सया, रागावू नका, मी चौथी शिकलेली. तुम्ही फळ्यावर त्रिकोण काढता तो खरा असतो का?"

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणता, समजा एक त्रिकोण आहे. तो कुठेच नसतो. तास संपला की पुसून टाकता. पण त्याच्यावरून शिकवता ते खरंच असतं ना?"

चहाच्या दुकानातून को पू ओरडला, "सया, उत्तर द्या. नाहीतर तुम्हालाही दुसरा भाग देतील."

सयांचे कान लाल झाले. त्यांनी चहाला हात लावला नाही. "मार्कांचं काय ते बोला. ही नापास झाली तर जबाबदार कोण?"

तोवर मागे उभी असलेली डो सेइन म्हणाली, "ताई, मला गोष्टींचं काही कळत नाही. ही पास झाली तर शिकेल, नाही झाली तर माझ्यासारखी होईल. तेवढं सांगा."

डो ओन मे यांनी यिनमारकडे बघितलं. पोरगी खांबाला टेकून उभी होती, अंगठ्याने जमीन खरवडत. "सया," त्या म्हणाल्या, "ही नापास झाली तर शाळेतल्या एकाही मुलाला मी यापुढे पुस्तक देणार नाही. चहाच्या दुकानात बसलेले सगळे साक्षी."

मी नंतर म्हणालो, "ताई, अर्धं दुकान शाळेच्या पोरांवर चालतं." त्या म्हणाल्या, "अर्धं नाही. मी त्यांच्यासाठीच उघडते." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं.

परीक्षेला साडेचार महिने होते. डो ओन मे यांनी यिनमारची पुस्तकं बंद केली नाहीत, पण रोज दुपारी भूमितीचं पुस्तक आणायला लावलं. त्यांना स्वतःला त्यातलं अक्षर कळत नसे. त्या म्हणत, "मला दुसरा भाग सांग."

"शेवटी या दोन बाजू सारख्या निघतात, मावशी."

"बरं. म्हणजे लग्न लागलं. त्याच्या आधी काय झालं असेल?"

"समोरचे दोन कोन सारखे असले पाहिजेत."

"कशावरून?"

"त्याशिवाय बाजू सारख्या होत नाहीत. हे पान बघा."

"ओळ आहे, ठीक. मग ते कोन सारखे कसे झाले? आपोआप?"

"नाही, कोणीतरी समांतर रेषा काढली असणार."

"कोणी?"

"प्रश्न घालणाऱ्याने."

"मग तो प्रश्नात बोलून गेला असेल. शोध."

असं रोज. पहिले दोन महिने यिनमार रडकुंडीला येई. एकदा तिने पुस्तक पायरीवर टाकलं. डो ओन मे यांनी ते उचलून कपाळाला लावलं आणि पुन्हा तिच्या हातात दिलं. तिसऱ्या महिन्यात मुलीला गोडी लागली. इतिहासातही ती तसंच करू लागली, राजा हरला तिथून मागे. पाठ करायचं होतं ते तिला आयुष्यात कधी पाठ झालं नाही, पण आता विसरलेलं तिला मागून शोधत जाता येई.

परीक्षा झाली तेव्हा मी घरी खळ शिजवत होतो, त्यामुळे पुढचं मी बघितलेलं नाही. हे सयांनीच मला सांगितलं. त्या दिवशी देखरेखीला तेच होते. भूमितीचा शेवटचा प्रश्न पाठ करायच्या मार्गदर्शक पुस्तकात नसलेला आला. त्रिकोणाच्या वरच्या कोनाचे दोन सारखे भाग करणारी रेषा, तिला पायथ्याच्या टोकातून समांतर रेषा, ती वाढवलेल्या बाजूला मिळते, आणि मग दोन लांब्या सारख्या आहेत हे सिद्ध करा. सयांचे पाठांतराचे हुकमी विद्यार्थी पेन चावत बसले. दोघांनी दुसऱ्याच प्रमेयाची पाठ केलेली सिद्धता शब्दन् शब्द लिहून टाकली. सया फिरत फिरत यिनमारच्या बाकामागे आले, आणि त्यांना वाटलं पोरीचं डोकं फिरलं. ती कागदाच्या तळापासून लिहीत होती. सगळ्यात खाली शेवट, त्याच्या वर एक ओळ, तिच्या वर आणखी एक. कागद खालून वर भरत चालला होता.

"मी तिला थांबवणार होतो," सया मला म्हणाले. "तेवढ्यात मी ते खालून वाचलं, को थेइन. मग वरून वाचलं. दोन्हीकडून बरोबर होतं."

सगळ्यात वर पोचल्यावर तिने दुसऱ्या कागदावर ते नीट सुलट उतरवलं. देखरेख करणाऱ्याला बोलता येत नाही. सया म्हणाले, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्या नियमाचा राग आला.

निकालाच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर पास झालेल्यांचे क्रमांक लावतात. डो ओन मे गेल्या नाहीत. दुकान उघडून बसल्या आणि एकच पान चार वेळा पुसत राहिल्या. मी समोर होतो, म्हणून सांगतो. डो सेइन कारखाना सोडून पळत आली, पडवीत येऊन बसली आणि धापा टाकत राहिली. डो ओन मे यांचा हात फडक्यावर थांबला. मागून यिनमार आली.

"पास," ती म्हणाली.

"कशावरून?" डो ओन मे यांनी विचारलं. सवयच ती.

"मी क्रमांक बघितला, मावशी."

"किती वेळा?"

"सात."

तेव्हा डो ओन मे यांनी फडकं खाली ठेवलं. त्यांनी मुलीला जवळ घेतलं नाही, त्यांच्या अंगात तसलं काही नव्हतं. त्यांनी फळीवरची निळी-तपकिरी जोडी काढली, तीच नावाड्याच्या मुलीची, आणि दोन्ही भाग तिच्या ओंजळीत ठेवले. परत मागणार नाहीत हे सगळ्यांना कळलं. डो सेइन चहाच्या दुकानात जाऊन सगळ्यांना सांगत होती की कारखान्यातली ती जागा दुसऱ्या कोणाला देऊन टाका. बाकीच्या विषयांत यिनमार जेमतेम सुटली होती, हेही लिहिलं पाहिजे. भूमितीत मात्र गावात तिच्यापुढे कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सया आले. या वेळी त्यांनी चपला काढल्या. पायरीवरची मुलं आकसून बसली.

"डो ओन मे," ते म्हणाले, "मला एक पुस्तक हवंय."

"कोणतं, सया?"

"तुम्ही सांगाल ते." मग जरा हळू, "दुसरा भाग."

चहाच्या दुकानातून माना वळल्या. को पूसुद्धा काही बोलला नाही, हे त्याच्या नावावर जमा असू द्या. डो ओन मे यांनी फळ्यांवरून बराच वेळ हात फिरवून एक तपकिरी पुस्तक दिलं. सयांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

चार दिवसांनी ते पायरीवर मुलांमध्ये बसून आधी काय घडलं ते सांगत होते. सांगितलं छान, अगदी फळ्यावर मांडल्यासारखं. विधवा गाव सोडून जाते, कारण तिची जमीन गेली. बोलून झाल्यावर त्यांनी डो ओन मे यांच्याकडे बघितलं. त्या पान पुसत राहिल्या. प्रश्न पलीकडून आला. यिनमारने विचारला, मान खाली घालून, पण स्पष्ट.

"सया, कशावरून?"

सयांनी पुस्तक उघडलं. पानं उलटली, पुन्हा उलटली. ओळ सापडेना. मग ते मोकळेपणाने हसले. "पुन्हा वाचून येतो," म्हणाले, आणि पुस्तक घेऊन गेले. डो ओन मे यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी पुन्हा एकदाच बघितलं, यिनमार नदीपलीकडच्या शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून पहिल्यांदा निघाली त्या सकाळी.

शाळा उघडायच्या आधी सया माझ्या दारात आले. हातगाडीवर शाळेची चाळीस भूमितीची मार्गदर्शकं होती. पुढे प्रश्न, मागे सिद्धता.

"मधून कापा," ते म्हणाले. "मागचा भाग माझ्या कपाटात राहील. पुढचा मुलांना."

"कापड कोणतं लावू, सया?"

"डो ओन मे सांगतील ते. आणि हो, आधी बायकोला विचारा."

डो ओन मे आल्या, चाळिसांतलं एक उघडून न कळणारी पानं त्यांनी गंभीरपणे चाळली, आणि चिंचेचं वाळलं पान बरोबर जागेवर घातलं. मी सुरी लावली. आयुष्यात पुष्कळ पुस्तकं कापली, प्रत्येक वेळी हात थोडा अडखळायचा. त्या चाळिसांना अडखळला नाही.